वस्तू उरली, जागा हरवली

इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातल्या ॲस्टन या गावी सापडलेली एक पोकळ, बारा बाजूंची, ब्राँझची वस्तू १७३९ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेपुढे मांडली गेली. त्यानंतरच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांत तशाच सव्वाशेच्या आसपास वस्तू वायव्य आणि मध्य युरोपात मिळाल्या, पण त्या कशासाठी घडवल्या गेल्या हे आजही कोणाला खात्रीने सांगता येत नाही. अभ्यासक त्यांना रोमन द्वादशफलक म्हणतात. अधूनमधून एखादा नवा नमुना सापडतो, ‘रोमन साम्राज्याचे न उलगडलेले गूढ’ अशा थाटाच्या बातम्या येतात, नव्या-जुन्या तर्कांची उजळणी होते आणि मग विषय मागे पडतो. या गूढाचा मोठा भाग प्राचीन नसून अलीकडचा आहे, असे माझे मत आहे. गेल्या तीन शतकांतल्या संग्राहकांनी, व्यापाऱ्यांनी, संग्रहालयांनी आणि कायदे करणाऱ्यांनी वस्तू जपली, पण ती ज्या मातीतून आली त्या मातीची नोंद जपली नाही, आणि म्हणून द्वादशफलकाचा प्रश्न हा केवळ कुतूहलाचा विषय न राहता सार्वजनिक धोरणाचा विषय ठरतो.

आधी जे निश्चित ठाऊक आहे ते पाहू, कारण ते मुळीच थोडे नाही. द्वादशफलकाला पाच बाजूंची बारा सपाट मुखे असतात आणि प्रत्येक मुखाच्या मध्यभागी एक गोल छिद्र असते. एकाच वस्तूवरची ही छिद्रे सहसा वेगवेगळ्या व्यासांची असतात. कडा जिथे मिळतात त्या वीसही कोपऱ्यांवर एकेक गोल गोंडा, म्हणजे धातूचा लहान गोळा, असतो. बहुतेक नमुने सुमारे ४ ते ११ सेंटिमीटर आकाराचे आहेत, म्हणजे लहानातला लहान मुठीत मावेल आणि मोठा ओंजळीत धरावा लागेल. त्यांच्यावर अंक नाहीत, अक्षरे नाहीत, मोजमापाच्या खुणाही नाहीत. ते इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकातले मानले जातात. ओतकाम पोकळ आणि नाजूक आहे. मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा घडवणे, मेण वितळवून काढणे आणि त्या पोकळीत धातू ओतणे हे सारे एवढ्या छिद्रांसह आणि गोंड्यांसह साधायचे, तर कारागीर कसलेलाच हवा. काही नमुने नाण्यांच्या दफिन्यांत मिळाले आहेत, त्यावरून निदान त्यांच्या मालकांना ते मौल्यवान वाटत होते एवढे म्हणता येते.

त्यांचा भौगोलिक विस्तार तर सर्वांत बोलका आहे. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, हंगेरी या पट्ट्यात ते मिळतात. खुद्द इटलीत, स्पेनमध्ये, उत्तर आफ्रिकेत किंवा पूर्वेकडच्या प्रांतांत ते मिळत नाहीत. ‘रोमन’ हे विशेषण म्हणूनच जरा जपून वापरायला हवे. ही वस्तू साम्राज्याच्या मध्यवर्ती व्यवस्थेची दिसत नाही. गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) आणि ब्रिटनमधल्या, रोमन सत्तेखाली राहणाऱ्या पण स्वतःच्या जुन्या चालीरीती सांभाळणाऱ्या समाजांची ती दिसते. एकाही रोमन लेखकाने तिचा उल्लेख केलेला नाही, एकाही भित्तिचित्रात किंवा फरशीवरच्या चित्रात ती दिसत नाही, हे मौन त्यामुळे तितकेसे अद्भुत उरत नाही. रोमच्या लेखकांनी गॉलमधल्या सामान्य माणसांच्या घरगुती जगाविषयी लिहिलेच किती?

आता तर्कांकडे वळू. ऑस्ट्रियन अभ्यासक मिखाएल गुगेनबर्गर यांनी २०१३ मध्ये या विषयाचा विस्तृत आढावा घेतला, आणि तोवर पुढे आलेल्या कल्पनांची यादी पाहिली तर माणसाच्या कल्पकतेचे कौतुक वाटते. मेणबत्ती लावण्याचे साधन, फासा, गदेचे टोक, मुलांचे खेळणे, अंतर मोजण्याचे लष्करी उपकरण, नळांचे व्यास तपासण्याचे माप, हिवाळी पिकाच्या पेरणीचा दिवस सूर्याच्या कोनावरून ठरवण्याचे यंत्र, राजदंडाचे शीर्ष, भविष्यकथनाचे साधन, कारागिराने आपले कसब सिद्ध करण्यासाठी घडवलेला नमुना असे अनेक तर्क झाले आहेत. अलीकडच्या काळात त्रिमिती छपाईने बनवलेल्या प्रतिकृतीच्या गोंड्यांभोवती लोकर गुंफून हातमोज्याची बोटे विणून दाखवणाऱ्या चित्रफिती फार लोकप्रिय झाल्या. विणकाम जाणणाऱ्या अनेकांना तो उलगडा तत्काळ पटला, आणि ज्यांनी आयुष्यभर हातांनी काम केले आहे त्यांच्या नजरेला विद्वानांनी मान द्यावा हा त्यामागचा आग्रह मला मनापासून योग्य वाटतो.

तरीही तो उलगडा टिकत नाही, आणि का टिकत नाही हे नीट समजून घेणे महत्त्वाचे आहे. बोटाचा घेर प्रतिकृतीत ठरतो तो गोंड्यांच्या मांडणीवरून. छिद्र लहान आहे की मोठे याने त्यात काही फरक पडत नाही, मग छिद्रांचे व्यास वेगवेगळे ठेवण्याचे कारण काय? वर्षानुवर्षे धागा घासला गेला असता तर गोंड्यांच्या बुडाशी झीज दिसायला हवी होती, पण अशा नियमित वापराच्या खुणा या वस्तूंवर आढळत नाहीत. शिवाय ज्याला आपण आज विणकाम म्हणतो ते तंत्र त्या काळी वायव्य युरोपात होते याचा पुरावा नाही. मोजमापाच्या सर्व तर्कांचीही अशीच अडचण होते. माप म्हटले की ठरावीक आकार आला, आणि इथे तर एका नमुन्याचा आकार दुसऱ्याशी जुळत नाही, छिद्रांचे व्यासही जुळत नाहीत. ज्या सैन्याने हजारो मैलांचे सरळ रस्ते आखले त्याने आपले मोजण्याचे साधन प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाचे केले असेल, आणि ते केवळ उत्तरेकडच्या प्रांतांतच वापरले असेल, असे मानणे कठीण आहे.

या सर्व तर्कांमधला दोष एकच आहे. एखाद्या वस्तूने काय करता येते यावरून तिने काय केले जात होते हे सिद्ध होत नाही. बारा बाजूंच्या, छिद्रांच्या, गोंड्यांच्या वस्तूने असंख्य गोष्टी करता येतात, म्हणूनच तिच्याविषयी इतके तर्क सुचतात. प्रयोगातून एखादी शक्यता नाकारता येते, पण शक्य असलेल्या शंभर गोष्टींतली खरी कोणती हे वस्तू एकटी सांगू शकत नाही. ते सांगते तिच्या शेजारी पडलेले हाड, खापर, कोळसा, बी, तिच्या छिद्रात अडकलेला मातीचा कण.

याची दोन उदाहरणे देतो, दोन्ही रोमन जगातलीच. सिसिलीमधील जेराचे येथील रोमन वाड्याच्या स्नानगृहाच्या भागात पाचव्या शतकातले एक शंकूच्या आकाराचे मातीचे भांडे मिळाले. अशी भांडी साम्राज्यात अनेक ठिकाणी मिळतात आणि त्यांना सरसकट साठवणीची भांडी म्हटले जात असे. या भांड्याच्या आतल्या बाजूला जमलेला खरपुडा संशोधकांनी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंताची अंडी निघाली. ते भांडे शौचपात्र होते. २०२२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या तशा भांड्यांकडे नव्याने पाहण्याची वाट मोकळी झाली. हेच भांडे एखाद्या विक्रेत्याच्या हाती लागले असते तर त्याने पहिले काम केले असते ते आतून घासून स्वच्छ करण्याचे.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील विंडोलांडा या रोमन किल्ल्याचे. तिथल्या खंदकात १९९२ मध्ये लिंगाच्या आकाराची एक लाकडी वस्तू मिळाली. सोबत जोडे, कपड्यांचे साहित्य, चामड्याचे कातरलेले तुकडे असे सामान होते, म्हणून ती रफूच्या कामाची असावी अशी नोंद झाली. तीस वर्षांनी दोन अभ्यासकांनी ती पुन्हा हाती घेतली, दोन्ही टोके वापराने गुळगुळीत झाल्याचे दाखवले आणि २०२३ मध्ये वेगळे अर्थ सुचवले: ती शरीरसुखाचे साधन असेल, वाटण्याचा दांडा असेल किंवा एखाद्या मूर्तीचा अपशकुन टाळण्यासाठी स्पर्श केला जाणारा भाग असेल. यांतला कोणता अर्थ खरा यावर अजून मतभेद होऊ शकतो. परंतु तो मतभेद पुराव्याच्या जमिनीवर उभा आहे, कारण वस्तू कोणत्या खंदकातून, कोणत्या थरातून, कशाबरोबर आली हे लिहून ठेवलेले आहे. पहिल्या नोंदीतला अर्थ चुकला असेल, पण नोंद चुकली नव्हती, म्हणून पुढच्या पिढीला तो तपासता आला.

द्वादशफलकांच्या बाबतीत मोठ्या संख्येने हीच सोय नाहीशी झालेली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ते नांगराच्या फाळाला लागून, पाया खणताना, नदीच्या गाळातून वर आले, संग्राहकांच्या कपाटांत गेले, घासूनपुसून चकचकीत झाले, विकले गेले, वारसांत वाटले गेले. संग्रहालयात पोचेपर्यंत कित्येकांच्या पाठी फक्त एखाद्या गावाचे नाव उरले, काहींच्या पाठी तेही नाही. जिथे थोडाफार संदर्भ वाचला तिथे लगेच काहीतरी हाती लागते. जर्मनीतील क्रेफेल्ड-गेलेप येथे १९६६ मध्ये एका स्त्रीच्या थडग्यात द्वादशफलक मिळाला आणि त्याच्याजवळ हाडाची काठी होती, म्हणून तो काठीच्या टोकावर बसवला जात असेल हा विचार पुढे आला. एका थडग्यावरून सर्व द्वादशफलकांचा अर्थ लावता येणार नाही हे खरे. पण अशी दहा-बारा थडगी नीट नोंदली गेली असती, तर आज आपण अंदाजांच्या याद्या करत बसलो नसतो.

म्हणूनच नॉर्टन डिस्नीचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. लिंकनशायरमधल्या या खेड्यात स्थानिक स्वयंसेवकांच्या इतिहास व पुरातत्त्व मंडळाने २०२३ च्या उन्हाळ्यात रीतसर उत्खनन केले आणि त्यांना सुमारे ८ सेंटिमीटर उंचीचा, अखंड, उत्तम स्थितीतला द्वादशफलक मिळाला. ब्रिटनमधला तो तेहेतिसावा. खाणीसारख्या एका मोठ्या खड्ड्यात, चौथ्या शतकातल्या खापरांच्या सोबत, तो मूळ जागी पडलेला होता. धातूच्या तपासणीत सुमारे ७५ टक्के तांबे, ७ टक्के कथील आणि १८ टक्के शिसे आढळले. त्याच परिसरात १९८९ मध्ये एका घोडेस्वार देवतेची छोटी मूर्तीही मिळाली होती. मंडळाचा कल या वस्तूचा संबंध धार्मिक विधींशी जोडण्याकडे आहे. मला हा कल अशक्य वाटत नाही, मात्र ‘विधीची वस्तू’ हे उत्तर पुरातत्त्वात फार सहज दिले जाते याची आठवण ठेवायला हवी. ज्याचा उपयोग कळत नाही ते देवाधर्माचे, ही पळवाट आहे. तो खड्डा, त्यातले थर, आजूबाजूची वस्ती यांचे खणकाम पुढे नेल्यावर तिथे पूजेच्या इतर खुणा मिळाल्या तर उत्तर बळकट होईल, कचऱ्याच्याच खुणा मिळाल्या तर ते दुबळे होईल. परीक्षेला उतरू शकेल असा प्रश्न विचारण्याची संधी इथे आहे, आणि ती साध्या गावकरी स्वयंसेवकांनी मिळवून दिली आहे.

या जागी कायद्याचा प्रश्न येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे. त्याची मूळ व्याख्या मुख्यतः सोन्याचांदीवर बेतलेली होती, आणि रोमन काळातली एकटी ब्राँझची वस्तू, ती कितीही दुर्मीळ असली तरी, तिच्यात बसत नसे. याचे फळ २०१० मध्ये दिसले. कंब्रिया परगण्यातल्या क्रॉस्बी गॅरेट येथे धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका व्यक्तीला रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण तुकड्यांच्या स्वरूपात मिळाले. ते ‘खजिना’ ठरत नसल्यामुळे लिलावात गेले. कार्लाइलच्या टुली हाउस संग्रहालयाने सार्वजनिक वर्गणी उभारून बोली लावली, पण ते सुमारे २३ लाख पौंडांना खाजगी खरेदीदाराकडे गेले. त्याहून मोठी हानी मला वाटते ती ही, की विक्रीआधीच तुकडे जोडून शिरस्त्राण सुंदर करण्यात आले आणि शास्त्रीय तपासणीची पहिली संधी हातची गेली. ते जिथून काढले ती जागा अभ्यासकांनी नंतर खणून पाहिली, पण वस्तू आधीच निघून गेलेली होती.

३० जुलै २०२३ पासून ही व्याख्या विस्तारली गेली. आता दोनशे वर्षांहून जुनी, धातूचा अंश असलेली आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू, तिचा धातू कोणताही असला तरी, खजिना ठरू शकते. हा बदल स्वागतार्ह आहे आणि त्यासाठी ज्यांनी दशकभर पाठपुरावा केला त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण तो पुरेसा नाही. कायदा सुरू होतो तो वस्तू मातीतून बाहेर आल्यावर. सापडणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, मग ती असाधारण आहे का हे ठरायचे. तोवर खड्डा बुजलेला असतो, थर मोडलेले असतात, माती झटकलेली असते. स्कॉटलंडमध्ये निदान धातूचा भेद नाही, सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू कळवणे तिथे बंधनकारक आहे. इंग्लंडनेही तेथवर यावे, आणि त्याच्या पुढे जाऊन, नांगरटीच्या थराखाली यंत्राचा आवाज आला तर न खणता तज्ज्ञाला बोलावणे हे केवळ शिष्टाचाराचे न ठेवता नियमाचे करावे, असे मला वाटते.

यावर गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. १९९७ पासून चाललेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या योजनेत १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य वस्तू हौशी यंत्रधारकांनीच स्वखुशीने दाखवलेल्या आहेत. खोल नांगरट आणि रासायनिक खते यांनी शेतातला प्राचीन धातू दरवर्षी झिजतो आहे. तो कोणी उचललाच नाही तर तो कायमचा जाईल. नियम फार कडक केले तर माणसे कळवणे थांबवतील, असेही म्हटले जाते. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने पुरातन वस्तू शोधण्यासाठी यंत्र वापरायला पूर्वपरवानगी लागते, आणि चोरटे उत्खनन तिथे थांबलेले नाही, हे या आक्षेपाच्या बाजूचे उदाहरण आहे. मला हा युक्तिवाद अर्धा मान्य आहे. नांगरटीच्या थरातली वस्तू आधीच आपल्या जागेवरून हललेली असते, तिथे हौशी माणसाची मदत घेणे शहाणपणाचे आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशात मान्यताप्राप्त यंत्रधारकांची पद्धत आहे, आणि तिथल्या कोर्टेसेम येथे २०२२ च्या अखेरीस एका हौशी शोधकाला द्वादशफलकाचा तुकडा मिळाला तेव्हा त्याने तो कळवला, पुढे तो टोंगरेनच्या गॅलो-रोमन संग्रहालयाला दिला गेला. तुकडाच तो, पण नेमकी जागा माहीत असल्यामुळे तिथे पुढे अभ्यास करता येतो. टोंगरेनच्याच संग्रहात १९३९ मध्ये सापडलेला अखंड द्वादशफलक आहे. आता त्याच्या शेजारी हा मोडका तुकडा ठेवलेला पाहताना प्रेक्षकांनी मोडक्याकडे अधिक वेळ पाहावे असे मला मनापासून वाटते. तथापि न हललेल्या थरात हात घालण्याची मुभा हौसेला देता येणार नाही. तिथली एक चूक कोणत्याही प्रयोगशाळेला दुरुस्त करता येत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेल्या धातुवस्तूंच्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती होती, ती आज तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकाठची ही मूर्ती सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात का आणली गेली, पूजेला, शोभेला की धातू म्हणून, हे मूर्तीकडे पाहून कळत नाही. पण ती कोणत्या टेकडीवर, कोणत्या भांड्यांच्या, आरशांच्या संगतीत होती हे माहीत आहे आणि १९४५-४६ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी त्याच टेकडीवर उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचे थर समोर आणले, म्हणून तिच्याविषयी व्यापाराच्या इतिहासात आधाराने बोलता येते. हीच मूर्ती एखाद्या मोडीच्या दुकानातून निघाली असती तर ती सुंदर राहिली असती, पण सातवाहन काळातल्या कोल्हापुराविषयी तिने आपल्याला काहीच सांगितले नसते. आपला गुप्तधनाचा कायदा मात्र १८७८ चा आहे, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असे तो सांगतो. पैशात मोजलेले मूल्य हीच वस्तूची पहिली कसोटी मानणारी ती दृष्टी इंग्रजांच्याच काळातली आहे, आणि त्यांनी स्वतःच्या देशात ती बदलायला घेतली असताना आपण ती जपून ठेवण्याचे कारण दिसत नाही.

प्रसारमाध्यमांची जबाबदारीही यात आहे. गूढाची बातमी करताना वस्तूचे जवळून घेतलेले, काळ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र छापले जाते. खड्ड्याचे, थरांचे, खापरांचे छायाचित्र सहसा छापले जात नाही. वाचकाच्या मनात मग असेच बसते की उत्तर वस्तूच्या आत दडले आहे आणि चतुर माणसाला ते नुसते पाहून सापडेल. त्यातून घरोघरी प्रतिकृती छापल्या जातात हे चांगलेच आहे, पण त्यातूनच ‘आपल्यालाही एखादा सापडेल’ या आशेने रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच्या शेतात शिरणारेही तयार होतात. संग्रहालयांनी आपल्या पाट्यांवर ‘उपयोग अज्ञात’ एवढेच न लिहिता तो अज्ञात का राहिला हेही लिहावे: कोणत्या वर्षी, कोणाच्या संग्रहातून वस्तू आली, सापडण्याची जागा नोंदलेली आहे की नाही, ती कधी घासून स्वच्छ केली गेली. काही संग्रहालयांना हे कबूल करणे जड जाईल, तरी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ते करायला हवे.

आणि जे सव्वाशे नमुने आज हाताशी आहेत त्यांच्यासाठीही बरेच करता येण्यासारखे आहे. ते अनेक देशांत विखुरलेले आहेत. त्यांची माहिती एकाच खुल्या नोंदवहीत, छिद्रांच्या मापांसह आणि सापडण्याच्या जागेच्या खात्रीच्या पातळीसह, एकत्र यावी. शिशाच्या समस्थानिकांची तपासणी करून धातू कोणत्या खाणीच्या पट्ट्यातला आहे याचा माग काढता येतो, म्हणजे हे सर्व मोजक्या कार्यशाळांत ओतले गेले की गावोगावी, हे तरी कळू शकेल. काही मोजक्या नमुन्यांत मेणाचा अंश आढळल्याचे सांगितले गेले आहे. ते मेण दिव्याचे, साच्याचे की नंतरच्या कोणा संग्राहकाच्या पॉलिशचे, याचा निवाडा आजच्या रासायनिक पृथक्करणाने होऊ शकतो. पण त्यासाठी ज्या नमुन्यांच्या गोंड्यांच्या बुडाशी आणि आतल्या कोपऱ्यांत जुनी माती अजून शिल्लक आहे, त्यांना ही तपासणी पुरी होईपर्यंत कोणत्याही प्रदर्शनासाठी स्वच्छ करू नये, आणि हा निर्णय प्रत्येक संग्रहालयाने आजच लेखी घेऊन ठेवावा.